नोड चालू आहे, पण कोणत्या चेनवर?

सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. वेबसाइट असो, डेटाबेस असो, रात्री फोन वाजला की पहिला प्रश्न ठरलेला: चालू आहे की पडलंय? गेल्या काही वर्षांत माझ्या यादीत बिटकॉइन कॅश आणि इथेरियम क्लासिक या डिजिटल नाण्यांचे नोड आले, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यांची (ब्लॉकची) साखळी, अर्थात चेन, तपासून जपणारी मशीन, आणि हा प्रश्न मला अपुरा वाटायला लागला. फोर्क होऊन, म्हणजे नियम बदलल्याने चेन दुभंगून, वेगळ्या झालेल्या नाण्याचा नोड अगदी ठणठणीत असतो. सीपीयू निवांत, डिस्कला जागा, पीअर (नेटवर्कवरचे इतर नोड) जोडलेले, ब्लॉकचा आकडा वाढतोय. आणि तरीही तो भलत्याच चेनवर गेलेला असू शकतो. त्याला त्याचा पत्ताही नसतो. लॉगमध्ये एरर शोधायला जाल तर कदाचित एकही सापडणार नाही.

अशा नोडमध्ये वेगळं असं काय सांभाळायचं, असं कुणी विचारलं तर मी एका शब्दात सांगते: भाऊबंदकी. वाटण्या होऊन घरं वेगळी झाली तरी आडनाव एकच, जुना पत्ता एकच, आणि टपाल चुकून शेजारच्या दारात जातं. शिवाय थोरल्याचं, म्हणजे मूळ नाण्याचं, बळ (ब्लॉक काढणाऱ्या मशीनची ताकद) इतकं जास्त, की त्यातला थोडासा हिस्सा कुणी भाड्याने आणला तरी धाकट्याचं घर हलतं. बाकी फायरवॉल, एसएसएच वगैरे कुठल्याही सर्व्हरला लागतंच. फोर्कच्या नोडची खास दुखणी या दोन गोष्टींतूनच निघतात.

आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाला हे समजावताना मी दोन टर्मिनल शेजारीशेजारी उघडले. एकात ‘बिटकॉइन कोअर’ हे मूळ बिटकॉइनचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यात ‘बिटकॉइन कॅश नोड’ हे बिटकॉइन कॅशचं. दोन्हीकडे ब्लॉक क्रमांक 478558 चा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून निघणारा ठसा, मागवला. अक्षर न् अक्षर तोच. मग 478559 चा मागवला. दोन्हीकडे सुरुवातीला शून्यांची रांग, आणि पुढे कशाचा कशाला मेळ नाही.

‘ताई, म्हणजे चेन फुटली ती इथे?’

इथेच. 1 ऑगस्ट 2017. 2009 पासून त्या दिवसापर्यंतचा इतिहास दोघांचा एकच, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक पत्त्यावरचं नाणं दोन्हीकडे शिल्लक. फुटण्याची तजवीजही मुद्दाम केलेली होती. नव्या नियमांत असं कलम होतं की फोर्कनंतरचा पहिला ब्लॉक एक एमबीहून मोठा असलाच पाहिजे. जुन्या नोडना एवढा ब्लॉक चालत नव्हता, म्हणून ते तो नाकारणार हे नक्की. नव्या नोडना त्या जागी लहान ब्लॉक चालत नव्हता, म्हणून जुनी चेन कितीही लांब गेली तरी ते तिच्यावर परत जाणार नाहीत हेही नक्की. त्या दिवशी हा पहिला ब्लॉक यायला काही तास लागले, आणि आला तो सुमारे 1.9 एमबीचा. मला ते कलम फार आवडतं. दोन ओळींचा नियम, आणि दोन्ही बाजूंनी कडी लागली. व्यवहारांच्या सहीतही एक वेगळी खूण घातली होती, जेणेकरून एका चेनवर केलेला व्यवहार कुणी उचलून दुसरीवर चालवू नये.

इथेरियमच्या वेळी एवढा विचार झाला नव्हता. ‘द डीएओ’ या इथेरियमवरच्या गुंतवणूक निधीतून सुमारे 36 लाख इथर (इथेरियमचं नाणं) हल्लेखोराकडे निघून गेल्यावर, ते परत फिरवण्यासाठी 20 जुलै 2016 रोजी, ब्लॉक 1920000 वर फोर्क झाला. जुन्या नियमांवर राहिलेली चेन मरेल अशी सगळ्यांची समजूत होती. ती मेली नाही; तीच आजची इथेरियम क्लासिक. व्यवहार दोन्हीकडे सारखेच वैध होते, त्यामुळे लोक इथर पाठवायचे आणि त्यांचे क्लासिकही त्याच पत्त्यावर निघून जायचे. सहीत चेनचा क्रमांक घालण्याची सोय इथेरियममध्ये नोव्हेंबर 2016 मध्ये आली. क्लासिकचा क्रमांक 61.

हा इतिहास उगाळण्याचं कारण असं की त्या दिवसांतल्या तडजोडी आजही नोड चालवणाऱ्याच्या वाट्याला येतात. बिटकॉइन कॅश नोड बसवलात की प्रोग्रामचं नाव ‘बिटकॉइन-डी’, कॉन्फिग फाइल ‘बिटकॉइन डॉट कॉन्फ’, डेटाचं फोल्डर घरच्या डिरेक्टरीतलं ‘डॉट बिटकॉइन’, पोर्ट 8333. मूळ बिटकॉइनचंही सगळं हेच. दोन्ही एकाच मशीनवर चालवायचे असतील आणि काहीच बदललं नाही, तर एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या डेटावर उठतो, तिथले ब्लॉक त्याला आपल्या नियमांत बसत नाहीत, आणि मग तो मागे जायला लागतो. शेवटी पुन्हा पहिल्या ब्लॉकपासून सिंक. म्हणून माझ्याकडे प्रत्येक चेनला स्वतंत्र लिनक्स युजर असतो आणि एका युजरला दुसऱ्याचं फोल्डर वाचताही येत नाही. प्रोग्राम सामाईक जागी ठेवायचाच नाही. सर्व्हिस फाइलमध्ये पूर्ण पत्ता, डेटाचं फोल्डर आणि पोर्ट लिहायचं. नुसतं ‘बिटकॉइन-डी’ टाइप केलं तर ‘अशी कमांड नाही’ हेच उत्तर आलं पाहिजे.

टपाल चुकण्याचा प्रकार नेटवर्कवर तर रोजचाच. बिटकॉइनच्या कुळातले नोड एकमेकांशी बोलताना प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला चार बाइटची खूण लावतात. बिटकॉइन कॅशने सुरुवातीला मूळ बिटकॉइनचीच खूण वापरली आणि वेगळेपण फक्त, ओळख देताना पाठवायच्या एका सेवा-बिटने दाखवलं. पुढे खूण बदलून ‘ई3 ई1 एफ3 ई8’ केली. पण 15 नोव्हेंबर 2018 रोजी त्यातून बिटकॉइन एसव्ही फुटलं, आणि त्यांनी हीच खूण पुढे चालू ठेवली. म्हणजे तुमच्या नोडला दार ठोठावणारा पीअर आपल्यातला की चुलत, हे हात मिळवेपर्यंत कळत नाही. चुकीच्या नियमांचा ब्लॉक आला की नोड त्याला बाहेर काढतो, पण तोवर त्याने एक जागा अडवलेली असते. इथेरियम क्लासिकची गत आणखी मजेशीर. पहिला ब्लॉक तोच, पोर्ट 30303 तेच, नेटवर्क क्रमांकही तोच, 1. शोध घेतला की सापडणारे बहुतेक पीअर थोरल्याचेच निघायचे. 2019 मध्ये ‘फोर्क आयडी’ आला, म्हणजे मी कोणकोणत्या फोर्कमधून आलोय याचा छोटासा सारांश नोड आधीच सांगतो, तेव्हा कुठे हा गोंधळ आवरला.

म्हणून पीअरच्या यादीत मी नुसता आकडा बघत नाही. ‘22 पीअर’ हे मला काहीच सांगत नाही. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर कोणतं, त्याने दाखवलेले हेडर (ब्लॉकचे छोटे सारांश) माझ्याशी कुठपर्यंत जुळतात, आणि ते किती वेगवेगळ्या नेटवर्कवर बसलेत, हे बघते. छोट्या चेनचे बरेचसे नोड मोजक्याच होस्टिंग कंपन्यांच्या मशीनवर असतात. आठ बाहेरचे पीअर आठ वेगळ्या आयपीवर असूनही एकाच कंपनीच्या छताखाली निघू शकतात.

यालाच लागून एक्लिप्स हल्ल्याचा विषय येतो. 2015 मध्ये बॉस्टन विद्यापीठ आणि हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की एखाद्या बिटकॉइन नोडच्या पीअरच्या यादीत आपलेच पत्ते भरत राहिलं आणि तो कधीतरी रीस्टार्ट झाला, तर त्याची सगळी जोडणी हल्लेखोराच्या हातात जाऊ शकते. मग त्याला जगाचं जे चित्र दाखवाल तेच तो खरं मानतो. बिटकॉइन कोअरने त्यानंतर बरीच डागडुजी केली. फोर्कच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सगळी आली असेलच असं नाही, आणि एकूण नोडच कमी असल्यामुळे भरायला पत्तेही कमी लागतात. यावर माझा उपाय अगदी साधा आहे: ओळखीच्या, वेगवेगळ्या होस्टिंगवरच्या काही नोडचे पत्ते हाताने घालून ठेवायचे. ‘अ‍ॅडनोड’ने घालायचे, ‘कनेक्ट’ने नाही. ‘कनेक्ट’ दिलं की नोड फक्त तेवढ्यांशीच बोलतो, आणि मग तुम्ही स्वतःच स्वतःला कोंडून घेतलेलं असतं.

आता बळाबद्दल.

इथेरियम क्लासिकवर ऑगस्ट 2020 मध्ये एकाच महिन्यात तीन हल्ले झाले. पहिल्यात 3,693 ब्लॉक उलटले. कुणीतरी भाड्याने घेतलेल्या हॅशरेटवर, म्हणजे ब्लॉक काढायच्या मशीनबळावर, बाजूला, गुपचूप, स्वतःची चेन काढत बसलं होतं. ती खऱ्या चेनपेक्षा जास्त कामाची, म्हणजे जास्त मशीनबळ खर्चलेली, झाल्यावर नेटवर्कपुढे टाकली. नोडनी ‘जास्त कामाची चेन खरी’ या नियमाप्रमाणे जुनी रांग सोडली आणि नवीन धरली. यालाच रीऑर्ग म्हणतात. तेरा-चौदा सेकंदांना एक ब्लॉक धरला तर 3,693 ब्लॉक म्हणजे अर्ध्या दिवसाहून जास्त. त्या अर्ध्या दिवसात ज्यांनी पैसे आले म्हणून माल दिला, त्यांचे पैसे आलेच नव्हते असं झालं. एकट्या पहिल्या हल्ल्यात 8 लाखांहून जास्त नाणी दोनदा खर्च झाली. 6 तारखेच्या हल्ल्यात 4,000 हून जास्त ब्लॉक गेले आणि 29 तारखेला 7,000 हून जास्त, म्हणजे दिवसभरापेक्षा अधिक.

बिटकॉइनमधूनच फुटलेल्या बिटकॉइन गोल्डचं मे 2018 मध्ये हेच झालं, सुमारे 3,88,000 नाणी. जानेवारी 2020 मध्ये पुन्हा. खास मशीन लागू नयेत म्हणून त्यांनी अल्गोरिदम बदलला होता. हेतू चांगलाच, पण साध्या ग्राफिक्स कार्डांवर चालणारं काम म्हणजे बाजारात भाड्याने सहज मिळणारं काम, हा त्याचा दुसरा अर्थ. बिटकॉइन कॅशचं उलटं आहे. मशीन खास आहेत, पण ती सगळी थोरल्याच्या घरी कामाला आहेत आणि एकूण बळाचा अगदी थोडा अंश इकडे असतो. त्यातल्या एखाद्या मोठ्या गटाने मनात आणलं तर काय, हा प्रश्न तिथे कायमचाच.

या सगळ्या हल्ल्यांमध्ये नोड आपल्या नियमांनी वागत होते. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की चालू आहे का हा प्रश्न अपुरा आहे.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी उपाय काढले, नाही असं नाही. बिटकॉइन कॅशमध्ये 2018 च्या फुटीनंतर असा नियम आला की दहा ब्लॉक खाली गेलेला ब्लॉक नोड पक्का करून टाकतो, आणि त्याच्यामागे जाणारी कुठलीही चेन, कितीही काम घेऊन आली तरी, आपोआप स्वीकारत नाही. तो ब्लॉक पक्का होण्याआधी त्याचं हेडर येऊन दोन तास झालेले असावेत, अशीही अट आहे. इथेरियम क्लासिकने ऑक्टोबर 2020 मध्ये ‘मेस’ नावाची पद्धत आणली: उशिरा उगवलेली लांब चेन आपलीशी करायची असेल तर तिच्यावर नेहमीपेक्षा कित्येक पट काम झालेलं हवं. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग (मशीनबळावर ब्लॉक काढणं) बंद झालं, बरीच मशीन क्लासिककडे वळली, आणि 2024 च्या स्पायरल अपग्रेडबरोबर ती पद्धत बंद करण्यात आली.

या दोन्ही उपायांवर मी पुष्कळ विचार केलाय आणि माझं मत असं झालंय की हे उपाय जाग्या नोडला वाचवतात, नुकत्याच उठलेल्या नोडला नाही. कोणती चेन आधी दिसली ही नोडची स्वतःची आठवण आहे. ती ब्लॉकमध्ये कुठे लिहिलेली नसते. हल्ला चालू असताना जो नोड बंद होता, तो उठल्यावर त्याच्यापुढे दोन रांगा असतात आणि तो जास्त कामाची उचलतो. म्हणजेच हल्लेखोराची. शेजारचा नोड मात्र, जो रात्रभर जागा होता, दहा ब्लॉकच्या नियमावर बोट ठेवून जुन्याच रांगेवर ठाम. एकाच कंपनीचे, एकाच आवृत्तीचे, एकाच कॉन्फिगचे दोन नोड, आणि दोघं दोन चेनवर.

यातून माझ्याकडे एक नियम निघाला, जो इतर सर्व्हरच्या बाबतीत मी एवढा कडक पाळत नाही: सगळे नोड कधीही एकदम रीस्टार्ट करायचे नाहीत. कर्नल अपडेट असो, डिस्क बदलायची असो, एक तरी जागा राहिलाच पाहिजे. खाली गेलेला वर आला, सिंक झाला, त्याने जाग्या नोडशी हॅश जुळवला, मगच दुसऱ्याला हात लावायचा.

दुसरा नियम, दोन नोड दोन वेगळ्या सॉफ्टवेअरचे. एप्रिल 2018 मध्ये बिटकॉइन एबीसी या बिटकॉइन कॅशच्या तेव्हाच्या प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये सहीच्या तपासणीत एक चूक आढळली होती. कुणी तिचा फायदा घेतला असता तर एका प्रकारच्या व्यवहाराने चेन फुटली असती. कोअरच्या एका डेव्हलपरने ती गुपचूप कळवली आणि ती दुरुस्त झाली. अशा वेळी माझ्याकडचे दोन्ही नोड एकाच सॉफ्टवेअरचे असतील तर ते एकमताने चुकतील आणि माझा अलार्म शांत बसून राहील. सध्या माझ्याकडे एक बिटकॉइन कॅश नोड आणि एक ‘गो’ भाषेतलं बीसीएचडी आहे. दुसऱ्याची माझी कधीकधी चिडचिड होते, पण त्याचं काम माझ्याशी गोड वागण्याचं नाहीच.

अलार्मवर थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक लोक तो चुकीच्या जागी लावतात. पहिली कल्पना सगळ्यांची सारखीच: तासभर ब्लॉक आला नाही तर फोन वाजव. दहा मिनिटांना सरासरी एक ब्लॉक, म्हणजे तास खूप झाला, असं वाटतं. पण ब्लॉक योगायोगाने सापडतात. सरासरी दहा मिनिटं असताना दोन ब्लॉकमध्ये तासाहून जास्त अंतर पडण्याची शक्यता साधारण 403 मध्ये एक. दिवसाला 144 ब्लॉक धरले तर तीनएक दिवसांतून एकदा विनाकारण झोपमोड. दोन तासांवर लावला तर तीच शक्यता सुमारे एक लाख 63 हजारांत एक, म्हणजे तीन वर्षांत एखाद्या वेळी. हा झाला कागदावरचा हिशेब. बिटकॉइन कॅशमध्ये मायनर फायदा बघून ये-जा करतात, त्यामुळे लांब अंतरं कागदापेक्षा जास्त वेळा पडतात. 2017 मध्ये तर ब्लॉक काढण्याचं काठिण्य कमी करण्याचा आपत्कालीन नियमच असा होता की मायनर झुंडीने यायचे आणि झुंडीने जायचे. त्या गडबडीत इतके जादा ब्लॉक निघाले की 2020 चं हाविंग (ठरावीक ब्लॉकनंतर मायनरचं बक्षीस निम्मं होणं) बिटकॉइनच्या महिनाभर आधी, 8 एप्रिललाच झालं. नोव्हेंबर 2020 पासूनचा नवा नियम बराच शांत आहे.

त्यामुळे वेळेचा अलार्म मी ढिला ठेवते आणि फुटीचा कडक. एक छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला दोन्ही नोडना त्यांच्या शेवटच्या वीस उंचींचे (म्हणजे ब्लॉक क्रमांकांचे) हॅश विचारते आणि मागच्या मिनिटाच्या उत्तरांशी ताडून बघते. एखाद्या उंचीचा हॅश बदलला आणि तो शेंड्यावरचा ब्लॉक असेल तर नुसती नोंद. एक ब्लॉक उलटणं हे अधूनमधून होतच असतं. दोन किंवा जास्त खोल बदलला तर फोन. दोन नोडमध्ये सारख्या उंचीवर वेगळे हॅश सलग तीन मिनिटं राहिले तर फोन. याखेरीज ‘गेट-चेन-टिप्स’ ही कमांड. नोडला माहीत असलेली प्रत्येक फांदी ती दाखवते: कोणती चालू, कोणती वैध पण बाजूला, कोणती अवैध, कोणती ‘पार्क’ केलेली. नवीन पार्क केलेली फांदी दिसली की मी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघते. कुणीतरी काहीतरी बाजूला काढत होतं आणि नोडला ते पटलेलं नाही, असा त्याचा अर्थ.

आता सर्वसाधारण सुरक्षा, पण फोर्कच्या नजरेतून. नोडचं पी-टू-पी पोर्ट, म्हणजे इतर नोडशी बोलायचं, जगाला उघडं असावं. आरपीसीचं (नोडला हुकूम द्यायचं) पोर्ट, म्हणजे 8332, कधीही नाही. ‘सगळ्या आयपींना परवानगी द्या’ हा इंटरनेटवर सापडणारा सल्ला कुणी दिला त्याला देव सद्बुद्धी देवो. इथेरियमच्या कुळात हेच पोर्ट 8545. जून 2018 मध्ये उघड झालं होतं की उघडी पडलेली 8545 शोधून चोरांनी 38 हजारांहून जास्त इथर उचलले होते. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) वापरत असाल तर आणखी एक मेख: डॉकर स्वतःचे फायरवॉल नियम थेट खाली घालतं, त्यामुळे लिनक्सच्या ‘यूएफडब्ल्यू’ फायरवॉलने बंद केलेलं पोर्टही कंटेनरसाठी उघडं राहू शकतं. पोर्ट जोडताना पुढे 127.0.0.1 (म्हणजे फक्त हेच मशीन) लिहा आणि मग बाहेरच्या मशीनवरून स्वतः तपासून बघा. फायरवॉलच्या यादीत ‘बंद’ दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका.

आणि नोडवर वॉलेट, म्हणजे नाणी खर्चायच्या चाव्यांची जागा, कशाला? ‘डिसेबल-वॉलेट’ लिहून मोकळं व्हायचं. पैसे आलेत की नाही हे बघायला चाव्या लागत नाहीत. फोर्कमध्ये तर याला जास्तच अर्थ आहे, कारण जुनी चावी दोन्ही घरांची असते. धाकट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चावी घातली आणि ते सॉफ्टवेअर खोटं निघालं तर थोरल्याकडची शिल्लकही जाते. म्हणून आधी मूळ नाणी नव्या पत्त्यावर हलवायची, ती तिथे पोचल्याची खात्री करायची, मगच जुनी चावी फोर्कच्या वॉलेटला दाखवायची.

खोट्या सॉफ्टवेअरची भीती कल्पनेतली नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये बिटकॉइन गोल्डच्या अधिकृत डाउनलोडच्या जागी काही दिवस अनोळखी विंडोज फाइल मिळत होत्या. जाहीर केलेल्या चेकसमशी (फाइल अस्सल आहे का ते ताडायच्या आकड्याशी) त्या जुळत नव्हत्या. ज्यांनी ताडून पाहिलं त्यांना ते दिसलं असतं. मात्र चेकसमही त्याच पानावर असेल आणि पानच कुणाच्या ताब्यात गेलं असेल तर तो बदलायला किती वेळ लागतो? म्हणून सहीची चावी दुसऱ्या वाटेने, आधीच मिळवून ठेवलेली हवी. मी ती जुन्या, चालू असलेल्या मशीनवर ठेवते आणि नवीन फाइल तिथेच तपासून मग पुढे पाठवते.

छोट्या फोर्कचं सगळ्यात दुर्लक्षित दुखणं म्हणजे थोरल्याकडून वारसाहक्काने आलेल्या चुका. सप्टेंबर 2018 मध्ये बिटकॉइन कोअरमध्ये एक भयंकर चूक सापडली: एकाच व्यवहारात तेच नाणं दोनदा खर्चून हवेतून नवीन नाणी काढता आली असती. गंमत म्हणजे ती शोधली बिटकॉइन कॅशवर काम करणाऱ्या एका डेव्हलपरने, आणि त्याने कोअरला गुपचूप कळवलं. कोअरची दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी, 0.16.3 मध्ये आली. पण तोच कोड उचलून चालणाऱ्या लहानसहान नाण्यांना कोण कळवणार? पिजनकॉइन नावाच्या नाण्यावर कुणीतरी ती वापरली आणि 23 कोटी 50 लाख नाणी छापून घेतली. 2023 मध्ये डोजकॉइनमधून उघडकीस आलेल्या त्रुटींबाबतही हेच झालं. 280 हून अधिक नेटवर्क त्याच घराण्यातली निघाली. त्यामुळे मी चालवते त्या नाण्यांच्या सूचना वाचतेच, पण त्याआधी त्यांच्या पूर्वजांच्या वाचते. कोअरमध्ये सुरक्षेची दुरुस्ती आली की पहिला प्रश्न हा, की हा कोड आपल्याकडे कोणत्या साली आला होता. नवीन नाणं घ्यायचं की नाही हे ठरवतानाही मी हेच बघते. पूर्वजाची शेवटची मोठी दुरुस्ती यांच्याकडे किती दिवसांनी पोचली? उत्तर महिन्यांत येत असेल तर मी तो नोड चालवत नाही, व्यवसायाने कितीही मागितलं तरी.

अपग्रेडचा दिवस वेगळाच. बिटकॉइन कॅशमध्ये हल्ली तो वर्षातून एकदा, 15 मेला येतो. अपग्रेड न केलेला नोड तेव्हा पडत नाही, तो मागे राहतो आणि नवीन नियमांचा पहिला ब्लॉक नाकारतो. 15 मे 2019 ला तर अपग्रेड केलेल्यांचीही तारांबळ उडाली. अपग्रेडशी संबंध नसलेली एक जुनी चूक कुणीतरी नेमकी त्याच वेळी उकरली आणि मायनर काही काळ रिकामे ब्लॉक काढत बसले. त्यामुळे माझ्याकडे एक नोड कित्येक आठवडे आधी नव्या आवृत्तीवर जातो, दुसरा नंतर, आणि त्या दिवशी दुपारी मी दुसरं कुठलंच काम घेत नाही.

आणि अलार्म खरंच वाजला तर? तेव्हा काय करायचं हे आधीच लिहून ठेवलंय, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. स्क्रिप्ट पहिल्यांदा आलेले पैसे जमा करणं थांबवते, मला विचारत नाही. पाठवणंही थांबवते. व्यवसायाकडच्या मंडळींना हे सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. दोन तास ग्राहक खोळंबला तर तक्रार येते, असं त्यांचं म्हणणं. येते खरी. बंद आपोआप होतं. पुन्हा चालू मात्र हातानेच, आणि तेही दोघांनी मिळून. तोवर मी ‘इनव्हॅलिडेट-ब्लॉक’ (हा ब्लॉक अवैध मान) किंवा ‘फायनलाइझ-ब्लॉक’ला (हा पक्का मान) हात लावत नाही. त्या दोन्ही कमांडनी माझा नोड माझ्या मनासारखा होईल, पण मग तो बाहेर काय चाललंय ते सांगायचा बंद होईल. आधी दोन्ही फांद्या कुठे फुटल्या ती उंची काढायची, त्यानंतर आमचे कोणते व्यवहार आलेत ते बघायचं, ते दोन्ही फांद्यांवर आहेत की एकीवरच हे तपासायचं. जे एकीवरच आहेत त्यांची यादी वेगळी, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाला फोन.